नोंदीबाहेरचे मृत्यू : युद्धातील नागरिक बळींच्या अधिकृत स्मरणाचा आढावा

नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, युद्धाच्या खुणांची वानवा नाही. १९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीतले नेते इथल्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते. शहरात रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे सैन्यात गेली. सैनिकासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, नेत्यांसाठी किल्ल्यात जपलेली खोली आहे. मात्र युद्धामुळे मेलेला आणि गणवेशात नसलेला माणूस कोणत्या दप्तरात शोधायचा, हे सांगणे अवघड आहे. छावणीतला स्थानबद्ध परदेशी, पलटणीमागचा भिस्ती किंवा खेचरवाला, गोदीतला हमाल, बुडालेल्या बोटीवरचा उतारू, असे हे लोक. त्यांना शासनमान्य स्मरण मिळावे की नाही, मिळावे तर कोणाकडून आणि कोणत्या पुराव्यावर, ही चर्चा आज कुठवर आली आहे ते या लेखात पाहू.

प्रश्नाची मांडणी

‘अधिकृत स्मरण’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक, सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय यादीत नाव लागणे. दोन, थडगे किंवा स्मृतिशिला उभी राहणे आणि तिची देखभाल कोणीतरी अंगावर घेणे. तीन, ठरलेल्या दिवशी सरकारी मानवंदना. पहिली मिळाली म्हणून उरलेल्या दोन मिळतातच असे नाही.

मृत नागरिकांचेही ढोबळ तीन गट पडतात. शत्रूच्या प्रत्यक्ष हल्ल्यात मेलेले, युद्धाच्या कामावर असताना अपघाताने किंवा रोगाने मेलेले, आणि कैदेत किंवा स्थानबद्धतेत मेलेले. प्रत्येक गटाचे नियम निराळे आहेत. बराचसा वाद हे गट एकमेकांत मिसळल्यामुळे होतो.

पार्श्वभूमी : आकडे आणि नावे

ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धमृतांची नोंद ठेवणारा इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन १९१७ साली स्थापन झाला. आज तो कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून ओळखला जातो आणि भारत त्याच्या सहा सदस्य देशांपैकी एक आहे. हुद्दा, धर्म, वंश न पाहता प्रत्येकाला सारखा मान, हे त्याचे तत्त्व. प्रत्यक्षात ते सगळीकडे पाळले गेले नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, भारतीय शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे दिले गेले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, त्यामुळे हा दूरदेशीचा प्रश्न नाही.

शिपायाची ही गत, तर त्याच्या मागे चालणाऱ्यांची काय असणार? स्वयंपाकी, भिस्ती, मोतद्दार, डोलीवाले, खेचरवाले, सडक बांधणारे मजूर यांना लष्करी कागदांत ‘फॉलोअर’ म्हणत. पहिल्या महायुद्धात भारतातून साडेपाच लाखांच्या वर असे बिगरलढाऊ लोक भरती झाले. राधिका सिंघा यांच्या ‘द कूलीज ग्रेट वॉर’ (२०२०) या पुस्तकाने त्यांचा इतिहास प्रथमच सविस्तर पुढे आणला. हे लोक लष्करी कायद्याखाली येत, पण लढवय्ये गणले जात नसत. सैनिकाच्या यादीत त्यांचे स्थान दुय्यम होते आणि नागरिकांची वेगळी यादी तेव्हा नव्हतीच.

पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा तिच्यावरचा इंग्रजी मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, ही संख्या आजही अभिमानाने सांगितली जाते. पण पाटीवर आकडा असतो, नावे नसतात. शिपाई कोण आणि खेचरवाला कोण, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

नागरिकांना प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. लंडनवर बॉम्बफेक सुरू झाल्यावर आयोगाचे संस्थापक फेबियन वेअर यांनी आग्रह धरला आणि १९४१ च्या पुरवणी सनदेने आयोगाला नागरिक मृतांची नावे गोळा करण्याचा अधिकार मिळाला. त्यातून सात खंडांची नागरिक युद्धमृतांची नामावली तयार झाली. ती वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये ठेवलेली आहे आणि तिच्यात सुमारे ६७ हजार नावे आहेत. तिच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. मृत्यू शत्रूच्या कारवाईने किंवा शत्रूच्या कैदेत झालेला असावा लागतो. शिवाय नाव लागले तरी नागरिकाच्या थडग्याची जबाबदारी आयोग घेत नाही. पहिल्या महायुद्धातल्या नागरिकांसाठी तर अशी यादीच नाही.

नगरची छावणी

या इतिहासात नगरचे स्थान वेगळे आहे, कारण इथे ‘शत्रूचे’ नागरिक राहत होते. बोअर युद्धातले कैदी १९०१ च्या सुमारास नगरला आणले गेले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले आणि आसपासच्या प्रदेशांतले जर्मन व ऑस्ट्रियन लोक, म्हणजे व्यापारी, खलाशी, मिशनरी, इथल्या छावणीत ठेवले गेले. १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या प्रतिनिधींनी छावणीची पाहणी केली. १९३९ मध्ये युद्ध पुकारले जाताच हीच व्यवस्था पुन्हा उभी राहिली. गिर्यारोहक हाइनरिख हारर कराचीत पकडला गेल्यावर प्रथम नगरला आला आणि मग देवळालीमार्गे डेहराडूनच्या छावणीत गेला. तिथून पळून तो तिबेटात पोहोचला. हिटलरच्या छळातून निसटून हिंदुस्थानात आसरा घेतलेले काही ज्यू निर्वासितही केवळ जर्मन पासपोर्टमुळे नगरच्या तारेआड गेले. पुढे चौकशी होऊन त्यांच्यातल्या अनेकांची सुटका झाली.

या स्थानबद्धांसाठी कायद्यात आधीच तरतूद होती. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातले कलम २२६ सांगते की, कैदेत मरण पावलेल्या युद्धकैद्यांची आणि स्थानबद्ध नागरिकांची थडगी नीट राखली जावीत आणि मृतांच्या संपूर्ण याद्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना द्याव्यात. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम १३० ने हेच तत्त्व पक्के केले. भारताने जिनिव्हा करार १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० मध्ये त्यांसाठी कायदाही केला.

याचा अर्थ असा की, नगरच्या छावणीत तापाने मेलेल्या जर्मन व्यापाऱ्याच्या थडग्याला आंतरराष्ट्रीय तहाचे संरक्षण होते. त्याच छावणीत पाणी भरणारा किंवा भिंत बांधणारा नगरचा माणूस कामावर मेला, तर त्याच्यासाठी असे कोणतेही कलम नव्हते. हा भेद कोणी कट करून केलेला नाही. एकाची नोंद ठेवण्याचे बंधन दोन सरकारांवर होते, दुसऱ्याचे कोणावरच नव्हते.

मुंबईची दोन प्रकरणे

नगरचा माणूस पोटापाण्यासाठी मुंबईला जातो, त्यामुळे तिथल्या दोन घटना या चर्चेत महत्त्वाच्या ठरतात.

पहिली ‘तिलावा’ची. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडले. बोटीवर ९५८ लोक होते, त्यांपैकी २८० मेले. वाचलेल्यांना बहुतांशी ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने उचलून मुंबईला आणले. व्याख्येच्या दृष्टीने हे प्रकरण सरळ आहे, कारण शत्रूची कारवाई आणि नागरिक उतारू दोन्ही इथे आहेत. तरी जाहीर स्मरणाला ८० वर्षे लागली. वंशजांच्या पुढाकाराने २०२२ मध्ये मुंबईत पहिला स्मृतिकार्यक्रम झाला. दरम्यान बोटीवरची चांदी २०१७ मध्ये समुद्रतळातून वर काढली गेली आणि तिच्या मालकीचा खटला २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. मालाची मोजदाद विटेविटेने झाली. उतारूंची यादी मात्र कुटुंबांना जुन्या कागदांतून आणि घरच्या आठवणींतून जुळवावी लागली.

दुसरी घटना १४ एप्रिल १९४४ ची. व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरलेल्या होत्या. दुपारी आग लागली आणि चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत दिले जातात, यातच नोंदीची अवस्था कळते. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून सप्ताह चालतो. गोदीतले हमाल, गाडीवान, आसपासच्या वस्तीतले लोक यांच्यासाठी असा दिवस नाही. जवानांच्या हजेरीपटावर नावे होती, रोजंदारीवरच्या माणसाचे नाव मुकादमाच्या तोंडी असायचे.

या स्फोटाने व्याख्येचाही पेच निर्माण केला. बोट युद्धसामग्रीची होती, पण चौकशीत घातपात नव्हे, अपघात मानला गेला. भरपाईसाठी सरकारने वेगळा वटहुकूम काढला. ‘शत्रूची कारवाई’ ही अट काटेकोर लावली तर गोदीतले मृत नागरिक युद्धमृतांच्या यादीबाहेर राहतात. युद्ध नसते तर ती बोट तिथे नसती, हेही तितकेच खरे.

खलाशी आणि डॉक्टर : नोंद झालेली उदाहरणे

नागरिकांची नोंद होतच नाही असेही नाही. व्यापारी जहाजांवरचे खलाशी कायद्याने नागरिकच, तरी आयोगाने त्यांना सामावून घेतले. मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सीमेन्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नाविकांची नावे तिथल्या स्मृतिग्रंथात आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची कित्येक घरे अशा बोटींशी जोडलेली होती. खलाशाची नोंद टिकली, कारण बोटीवर चढताना त्याचे नाव करारपत्रावर चढत असे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे उदाहरण वेगळ्या अंगाने बोलके आहे. काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी ते आजाराने वारले. त्यांना गोळी लागली नव्हती. तरी चीनने त्यांना आपल्या हुतात्म्यांत स्थान दिले. शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांचे थडगे आहे, आणि सोलापुरातल्या घरी स्मारक आहे. एखाद्या राज्यसंस्थेने मनावर घेतले तर मृत्यूच्या कारणापेक्षा कामाला महत्त्व देता येते, हे यातून दिसते. अर्थात अशा निर्णयामागे राजनैतिक मैत्रीचा हिशेबही असतो.

मतप्रवाह

पहिले मत काटेकोर व्याख्येचे. या बाजूचे म्हणणे असे की, युद्धात साऱ्या समाजालाच झळ पोहोचते, म्हणून रेषा कुठेतरी आखावीच लागते. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून पायी निघालेल्या लाखो भारतीयांपैकी हजारो वाटेत मेले. ते युद्धमृत मानायचे, तर महागाईने आणि उपासमारीने गेलेल्यांचे काय? सगळ्यांनाच यादीत घेतले तर यादीला अर्थ उरणार नाही आणि पुरावाही तपासता येणार नाही.

दुसरे मत व्यापक समावेशाचे. ‘शत्रूची कारवाई’ ही कसोटी ब्रिटनमधल्या बॉम्बफेकीसमोर तयार झाली, वसाहतीतले लोक मात्र बॉम्बपेक्षा रोग, अपघात आणि श्रमाने अधिक मेले. सयाम–ब्रह्मदेश रेल्वेवर मेलेल्या युद्धकैद्यांची थडगी कांचनाबुरीत नीटनेटकी राखलेली आहेत. त्याच रेल्वेवर मेलेल्या आशियाई मजुरांची संख्या कितीतरी पट मोठी होती आणि त्यांत तमिळ मजूर फार होते, त्यांना नावानिशी जागा नाही. या मताला २०२१ मध्ये बळ मिळाले. आयोगाच्याच खास समितीने मान्य केले की पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण विषम रीतीने झाले आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचे नावानिशी स्मरण झालेच नाही. हे लोक प्रामुख्याने आफ्रिका, भारत, इजिप्त इथले. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये केपटाउनला १,७७२ कृष्णवर्णीय बिगरलढाऊ मजुरांच्या नावांचे स्मारक खुले झाले.

तिसरे मत राष्ट्रीय चौकटीचे. साम्राज्याच्या युद्धात मेलेल्यांचे स्मरण प्रजासत्ताकाने का करावे, असा त्याचा सवाल आहे. दिल्लीचे राष्ट्रीय युद्धस्मारक (२०१९) स्वातंत्र्योत्तर काळातल्या सैनिकांचे आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या हुतात्म्यांच्या पाच खंडी कोशात स्वातंत्र्यलढ्यात मारले गेलेले किंवा कैदेत मेलेले लोक आहेत. पहिल्या यादीत गणवेश लागतो, दुसरीत इंग्रजांशी लढा. इंग्रजांच्या गोदीत मजुरी करताना मेलेला माणूस दोन्हींत बसत नाही. यावर प्रतिवाद असा की, त्या मजुराने साम्राज्य निवडले नव्हते, रोजगार निवडला होता.

चौथे मत स्थानिक स्मरणाचे. नगर जिल्ह्याच्या अनेक गावांच्या वेशीवर वीरगळ उभे आहेत. गुरे वाचवताना किंवा गाव राखताना पडलेल्यांसाठी ते गावानेच उभारले. २०२३ च्या ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. तीच वाट नागरिकांसाठी खुली करावी, दिल्ली–लंडनची वाट पाहू नये, असे हे मत. ग्रामसभेच्या ठरावावर नाव कोरले गेले, तर खातरजमा कोणी करायची आणि भाऊबंदकी, राजकारण यांपासून पाटी कशी वाचवायची, हा त्यावरचा आक्षेप.

पुराव्यापाशी अडते

मत कोणतेही असो, घोडे अखेर कागदापाशी अडते. समजा, संगमनेर तालुक्यातला एक हमाल गोदीच्या स्फोटात गेला, असे घरचे सांगतात. त्यांना चार गोष्टी दाखवाव्या लागतील : असा माणूस होता, तो त्या दिवशी तिथे होता, तो मेला, आणि त्याच घटनेमुळे मेला.

पहिल्यासाठी गावचे दप्तर उपयोगी पडते. गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले कोतवाल बुक, यात जन्ममृत्यूच्या नोंदी मोडीत किंवा बाळबोधीत असतात. नाव, बापाचे नाव, जात, मृत्यू असेल तर आजार. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना हीच जुनी बाडे राज्यभर बाहेर निघाली, वाचली गेली, स्कॅन झाली. ती जातीच्या रकान्यासाठी वाचली गेली, मृत्यूच्या रकान्यासाठी अजून कोणी वाचलेली नाहीत. अडचण अशी की मुंबईत किंवा बसऱ्यात मेलेल्याची नोंद गावच्या बुकात होईलच असे नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी गोदीचे, इस्पितळांचे आणि पोलिसांचे कागद लागतात. स्फोटातल्या कित्येक मृतांची ओळखच पटली नव्हती. जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने करता येते, पण ८० वर्षांनंतर साक्षीदार कुठून आणायचा? पंजाबात पहिल्या महायुद्धातल्या भरतीची तीन लाखांहून अधिक नावांची गावनिहाय रजिस्टरे लाहोर संग्रहालयात सापडली आणि २०२१ पासून ती संगणकावर येऊ लागली. मुंबई इलाख्यासाठी संशोधकाला विखुरलेल्या कागदांवरच भिस्त ठेवावी लागते.

न सुटलेले

व्याख्या, पुरावा आणि जबाबदारी या तिन्ही बाबतींत निकाल लागलेला नाही. तोंडी परंपरेला पुरावा मानायचे का, मानल्यास किती, यावर एकमत नाही. एकेक नाव सिद्ध होईपर्यंत थांबायचे की आधी सामूहिक स्मारक करायचे, याबद्दलही दोन पक्ष आहेत. सामूहिक स्मारक झाले की नावांचा शोध थंडावतो, हा अनुभव आहे. नावांची वाट पाहिली की ती आठवणारी माणसेच राहत नाहीत, हाही अनुभव आहे.

व्याख्येच्या सीमेवरचे प्रश्न निराळेच. नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांना लागून असलेल्या के. के. रेंज या सराव क्षेत्राच्या परिसरात भंगारासाठी गोळे फोडताना गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. युद्ध नव्हते, युद्धसामग्री होती. हे मृत्यू या चर्चेत आणायचे की औद्योगिक अपघात म्हणून वेगळे ठेवायचे, हा मुद्दा फारसा कोणी हाती घेतलेला नाही.

आजवरच्या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. अग्निशमन जवान, खलाशी, स्थानबद्ध जर्मन यांचे स्मरण झाले किंवा होण्याची तरतूद झाली, ती त्यांचा मृत्यू अधिक मोलाचा होता म्हणून नव्हे. त्यांची नावे लिहून ठेवण्याचे काम कोणावर तरी सोपवलेले होते. म्हणून स्मारक कुठे आणि कोणी बांधावे या वादाआधी जिल्हापातळीवर एक यादी सुरू होणे जास्त उपयोगाचे. तिच्यात सिद्ध, संभाव्य आणि केवळ सांगोवांगी असे तीन रकाने असावेत आणि कोणते नाव कोणत्या कागदावरून घेतले ते प्रत्येक ओळीत लिहिलेले असावे. कोतवाल बुके आता स्कॅन झालेली आहेत आणि मोडी वाचणारे जिल्ह्यात आहेत. काटेकोर व्याख्येवाल्यांना त्या यादीतला पहिला रकाना पुरेल, व्यापक समावेशवाल्यांना तिन्ही लागतील. वाद तसाच चालू राहील, पण तो नावे समोर ठेवून होईल.